आधी सांगितलं होतं

२६ जानेवारी २०२५, रविवार. बाहेर सगळं गोठलेलं, ड्राइव्हवेच्या कडेला जुना बर्फ काळा पडून दगडासारखा झालेला, आणि आमच्या फिलाडेल्फियाजवळच्या एक्सटनच्या घरात खाली बेसमेंटमध्ये हीटर चालू असूनही अण्णा कानटोपी घालून, पायावर चादर घेऊन सोफ्याच्या कोपऱ्यात बसलेले. सकाळी उठल्या उठल्या त्यांनी मोबाईलवर दिल्लीच्या परेडचं रेकॉर्डिंग बघितलं होतं, कोणाची पावलं चुकतायत का ते बघत, कारण बत्तीस वर्षं पीटीचे सर म्हणून काढलेल्या माणसाला परेड दुसऱ्या कुठल्या नजरेनं बघताच येत नाही. दुपारी मात्र माझ्या लेकीनं त्यांना ओढून खाली आणलं. ईगल्सची, म्हणजे फिलाडेल्फियाच्या फुटबॉल संघाची मॅच होती, जिंकले तर सुपर बोल, म्हणजे फायनल, समोर वॉशिंग्टन. सगळ्या फिलाडेल्फियानं त्या दिवशी हिरवं घातलं होतं, तिनं अण्णांच्या गळ्यातसुद्धा एक हिरवा मफलर अडकवला होता. अण्णांना अमेरिकन फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नाही. ते आपले चहा पीत शांतपणे बघत होते, मधूनच विचारत होते की तो पांढऱ्या टोपीवाला मुख्य पंच का, आणि मी हो म्हटल्यावर पुढचा अर्धा तास खेळाडूंकडे न बघता त्या एकट्या माणसाकडेच बघत राहिले.

चौथ्या क्वार्टरमध्ये ईगल्स गोल लाइनच्या अगदी तोंडाशी आले. आता ते काय करणार हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. जेलन हर्ट्स बॉल घेऊन वाकणार आणि मागून दोघंतिघं त्याला सगळा जोर लावून पुढं ढकलणार. अण्णांनी या प्रकाराला आधीच उलटी रस्सीखेच असं नाव दिलं होतं. तर समोरच्यांचा फ्रँकी लुवू नावाचा लाइनबॅकर, त्यानं काय केलं, बॉल हलायच्या आधीच धावत येऊन सगळ्यांच्या डोक्यावरून सूर मारला. पिवळा रुमाल पडला, फाऊल. पुन्हा सगळे खाली वाकले, पुन्हा लुवू हवेत. पुन्हा रुमाल. मग अजून एकदा तसंच काहीतरी, आणि मग तो पांढऱ्या टोपीवाला मैदानाच्या मधे आला, कमरेजवळचं बटण दाबून माईक चालू केला आणि सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल असं सांगितलं, की वॉशिंग्टनला ताकीद दिलेली आहे, असलं वागणं पुन्हा झालं तर रेफरी स्वतः गुण देऊन टाकू शकतो.

मी जवळजवळ वीस वर्षं हा खेळ बघतोय. असलं काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. रेफरी स्वतः गुण देणार? बॉल गोल लाइनच्या पलीकडे न जाता? लेक माझ्याकडे बघत होती, मी फोन काढून शोधायला लागलो, आणि अण्णांनी विचारलं, काय म्हणाला तो. मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला, चादर बाजूला केली, आणि टीव्हीकडे बघत अगदी हळू म्हणाले, "आधी सांगितलं ना. मग झालं."

एवढंच.

पुढं हर्ट्स घुसला, ईगल्स ५५-२३ असे जिंकले, वरच्या गल्लीत कोणीतरी फटाके लावले, लेक जिन्यावरून उड्या मारत आईला सांगायला गेली. अण्णा तसेच बसून होते. मला त्यांचा चेहरा ओळखीचा वाटला पण कुठला ते लक्षात येईना. आनंदाचा नव्हता, खेळ बघून खूश झालेल्या माणसाचा तर नव्हताच. कुठल्यातरी जुन्या हिशोबातला एक आकडा अचानक जुळावा तसं काहीतरी त्यावर होतं. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण जेवणाची वेळ झाली होती आणि ताटं घ्यायची होती, आणि मग ते राहूनच गेलं.

रात्री सगळे झोपल्यावर मी नियमांचं पुस्तक उघडलं. एनएफएलचं, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचं पुस्तक कोणालाही मोफत बघता येतं, पण बघतं कोण, मीसुद्धा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बघत होतो. तर भानगड अशी आहे. बचाव करणाऱ्यांनी असा आधीच घुसायचा फाऊल केला की पाच यार्ड दंड, पण बॉल गोल लाइनच्या इतका जवळ असेल की पाच यार्ड म्हणजे उरलेल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त, तर फक्त उरलेल्या अंतराच्या निम्मं. म्हणजे एक यार्ड, छत्तीस इंच उरले असतील तर अठरा इंच पुढं. पुन्हा केलं तर नऊ इंच. पुन्हा केलं तर साडेचार. दंड दर वेळेस निम्मा होत जातो आणि कधीच संपत नाही, गोल लाइन कधीच येत नाही. बचाव करणाऱ्याचं नुकसान चार बोटांचं, आणि फायदा काय, तर एखाद्या वेळेस त्याचा अंदाज बरोबर लागला, बॉल हलला त्याच क्षणी तो वरून पडला, तर समोरच्याचा सगळा डाव बसला. म्हणजे नियम पाळून पाळून नियमाचाच खुळखुळा करायची सोय त्या गणितात होती, आणि कोणीतरी फार पूर्वीच हे ओळखून ठेवलं होतं. एक कलम आहे, गुण होऊ नये म्हणून एकामागून एक फाऊल करत राहायचं नाही. आणि त्याची शिक्षा वाचताना मी थांबलो. ताकीद दिल्यानंतरही पुन्हा तेच केलं, तर तो गुण समोरच्या संघाला द्यावा. ताकीद दिल्यानंतर. म्हणजे आधी सांगणं हा रेफरीचा चांगुलपणा नव्हता, तो नियमाचाच भाग होता. आधी सांगितलेलं नसेल तर त्याला तो गुण देताच आला नसता.

अण्णांना यातलं एक अक्षर माहीत नव्हतं, आणि तरी त्यांनी नेमकं तेच एक वाक्य उचललं होतं.

त्या रात्रीनंतर मला नादच लागला. ऑफिसमधून आलो, जेवलो, की पुस्तक घेऊन बसायचो. खरं तर ठिणगी आधीच पडली होती, महिनाभर आधी, आणि ती टाकली होती आमच्या शेजाऱ्यानं. सत्तरीचा गोरा म्हातारा, एकटाच राहतो, बरीच वर्षं शुक्रवारी संध्याकाळी हायस्कूलच्या मॅचेसना पंच म्हणून उभा राहायचा. १९ डिसेंबर २०२४ ला चार्जर्स आणि डेन्व्हर ब्रॉन्कोजची मॅच होती, दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना तो नुसता चालत नाही तर जवळजवळ पळत माझ्याकडे आला. तू बघितलंस का, बघितलंस का. मी बघितलं नव्हतं. मग त्या थंडीत, तोंडातून वाफा काढत, त्यानं मला ते सगळं उभं करून दाखवलं. पहिला हाफ संपायला काही सेकंद, डेन्व्हरनं पंट मारला, म्हणजे बॉल हातातून सोडून लांब लाथाडला, चार्जर्सच्या खेळाडूनं हात वर करून खूण केली की मी शांतपणे झेलणार आहे, मला हात लावायचा नाही. तरी डेन्व्हरचा एक जण त्याच्या अंगावर गेला. घड्याळ शून्यावर. सगळ्यांना वाटलं हाफ संपला, खेळाडू आत निघाले. पण असा झेल घेतल्यावर किंवा तो झेल घेऊ दिला नाही म्हणून दंड झाल्यावर त्या जागेवरून सरळ गोलमध्ये किक मारायची परवानगी आहे, वेळ संपली असली तरी. मधे ना कोणी बॉल मागं टाकायचा, ना समोरून कोणी धावून यायचं. समोरचे सगळे दहा यार्ड लांब उभे राहणार, नुसते बघत. एकानं बॉल जमिनीवर बोटानं धरायचा आणि किकरनं मारायचा, लागला तर तीन गुण. पंधरा यार्ड दंड मिळून कॅमेरॉन डिकरला सत्तावन्न यार्ड पडले, आणि त्यानं ते मारले. याआधी एनएफएलमध्ये अशी किक लागली होती १९७६ मध्ये, रे वर्शिंगची, आणि तोही चार्जर्सचाच.

अठ्ठेचाळीस वर्षं. अठ्ठेचाळीस वर्षं तो नियम पुस्तकात होता, दर वर्षी नवं पुस्तक छापताना कोणीतरी त्याचं मुद्रितशोधन करत होतं, आणि तो कोणाच्या कामाला आला नाही. अधूनमधून कोणी हात लावून बघायचं, चार्जर्सचा कोच जिम हार्बॉ आधी सॅन फ्रान्सिस्कोला होता तेव्हा २०१३ मध्ये त्यानं एकाहत्तर यार्डांवरून प्रयत्न करून बघितला होता, तो चुकला. मूळ हे रग्बीतून आलेलं आहे, कॉलेजच्या फुटबॉलमध्ये ही सोय नाही, पण हायस्कूलच्या नियमांत आहे. म्हणजे आमच्या शेजाऱ्याला तो माहीत असणं भाग होतं. मी त्याला विचारलं, तुझ्या मॅचमध्ये कधी कोणी मागितली का अशी किक. तो म्हणाला, एकदाही नाही. पण दर ऑगस्टमध्ये सीझन सुरू व्हायच्या आधी तो ते पान वाचून काढायचा, गॅरेजमध्ये उभा राहून कोणत्या रेषेवर कोणाला उभं करायचं ते स्वतःशीच बोलून बघायचा. न जाणो एखाद्या शुक्रवारी एखादा कोच येऊन मागेल, आणि तेव्हा सगळ्या गावात ते माहीत असणारा मी एकटाच असेन. हे सांगताना तो डब्याच्या झाकणावर हात ठेवून उभा होता आणि त्याचे डोळे थंडीनं म्हणा की कशानं म्हणा पाणावले होते. इतकी वर्षं न लागलेली गोष्ट तयार ठेवणारा माणूस मी त्याआधी एकच बघितला होता. तो वर माझ्या घरात झोपलेला होता.

मग वाचताना एक एक सापडत गेलं. डग फ्लूटीनं १ जानेवारी २००६ ला, म्हणजे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, बॉल हातातून जमिनीवर सोडून तो उसळताच किक मारून एक गुण काढला, तशी किक एनएफएलमध्ये त्याआधी लागली होती १९४१ मध्ये. नियम कधी बंद झालाच नव्हता, फक्त १९३० च्या दशकात बॉल निमुळता झाला, तो सरळ उसळेना, म्हणून लोकांनी ती किक सोडून दिली. किंवा शेवटच्या दोन मिनिटांची ती वॉर्निंग, जिच्यात आता सगळे जाहिराती बघतात, ती मुळात आली कारण खरं घड्याळ पंचाच्या हातात असायचं आणि स्टेडियममधलं घड्याळ नुसतं अंदाजाचं, म्हणून पंचानं दोन्ही संघांना सांगायचं, बाबांनो, दोन मिनिटं राहिली. इथंही परत तेच, आधी सांगणं.

पण मला सगळ्यात जास्त ज्यानं धरून ठेवलं तो टॉमी लुईस. १ जानेवारी १९५४, डॅलस, कॉटन बोल नावाची कॉलेजांची मॅच, राईस विरुद्ध अलाबामा. राईसचा डिकी मेगल स्वतःच्या पाच यार्डांवरून बॉल घेऊन सुटला, साइडलाइनच्या कडेकडेनं, पुढं कोणीच नाही, सगळे मागं पडलेले. आणि अलाबामाच्या बेंचवरून एक पोरगा उठला. डोक्याला हेल्मेट नाही. मैदानात आला आणि त्यानं मेगलला आडवा केला, आणि लगेच परत बेंचवर जाऊन बसला. जणू तसं बसल्यानं झालेलं मागं घेता येईल. मी ती फिल्म वीसेक वेळा बघितली असेल, काळीपांढरी, हलणारी, आवाज नसलेली. लुईस उठतो तेव्हा तो विचार करून उठत नाही हे त्या फिल्ममध्ये दिसतं. आधी खांदे उठतात, मग पाय, आणि डोकं सगळ्यात शेवटी. रेफरी क्लिफ शॉ यांनी काय करावं? बाराव्या माणसानं बेंचवरून येऊन पाडलं तर किती यार्ड, असा आकडा कुठल्या कोष्टकात बसणार? पण उघड उघड अन्याय होणारं कृत्य असेल तर पंचानं न्यायाला धरून काय ते ठरवावं अशी एक मोकळी जागा नियमात ठेवलेली होती, आणि शॉ यांनी ती वापरली, मेगल पोचलेला नसताना टचडाऊन, म्हणजे गोल लाइन ओलांडल्याचा गुण, दिला. पंचाण्णव यार्डांची धाव म्हणून ती नोंदवली गेली. राईस २८-६ जिंकले. अलाबामाचे सहा गुण होते ते त्या दिवशी लुईसनंच काढलेले होते, हे कोणी सांगत नाही. मध्यंतरात तो जाऊन माफी मागून आला. नंतर एवढंच म्हणाला की माझ्यात अलाबामा जरा जास्तच भरलेलं आहे. ताकीद देण्यासारखी ती गोष्टच नव्हती, कोण कोणाला आधी सांगणार की बेंचवरून उठू नकोस? तरी मला राहून राहून त्या बेंचवर परत बसलेल्या पोराचं वाटतं. वीसेक वर्षांचं पोर, पुढची साठ वर्षं त्याला सगळे त्या एका उठण्यासाठी ओळखणार होते.

इथं फिलाडेल्फियात तर २००८ च्या नोव्हेंबरमध्ये ईगल्सच्या डोनोव्हन मॅकनॅबनं मॅच १३-१३ अशी सुटल्यावर सरळ सांगून टाकलं होतं की मॅच बरोबरीत संपू शकते हे मला माहीतच नव्हतं. मी तेव्हा नवीन होतो, ऑफिसात आठवडाभर लोक त्याच्या नावानं शंख करत होते. मला तेव्हाही त्याचा राग आला नाही. दहा वर्षं खेळलेल्या माणसावर एखादा नियम कधी आलाच नसेल, तर तो त्याच्यासाठी पुस्तकातली शाई असतो. अंगावर आला की मग कळतो.

आणि मग डॅलसचा लिऑन लेट. २५ नोव्हेंबर १९९३, थँक्सगिव्हिंग, पुन्हा डॅलस, आणि तिथं सहसा नसतो तो बर्फ पडलेला. डॅलस एका गुणानं पुढं, पंधरा सेकंद उरलेली, मायामीची किक डॅलसनं अडवली. मॅच संपली. बॉल बर्फात घरंगळत चाललेला, त्याला कोणी हात लावायचा नाही, बास. मायामीवाले भोवती उभे राहून नुसते बघत होते कारण त्यांना तो घेऊन काही मिळणार नव्हतं. एकच अट, डॅलसच्या कोणाचा स्पर्श त्याला झाला नाही पाहिजे. आणि लेट लांबून धावत आला, घसरला, बॉलला त्याचा पाय लागला. आता बॉल जिवंत. मायामीनं उडी टाकली, पुन्हा किक मिळाली, स्टोयानोविचनं मारली, १६-१४. लेट त्या वेळचा तगडा खेळाडू, त्यानं लबाडी केली नव्हती, आळस केला नव्हता. उलट सगळ्यांपेक्षा जास्त जीव लावून तो पळाला होता.

१९९३ हा आकडा बघितला आणि मी लॅपटॉप मिटला.

त्याच वर्षीची थंडी. सांगली जिल्ह्यातलं आमचं गाव, तालुक्याच्या खो-खोच्या मॅचेस, मी नववीत. सकाळी आम्ही पोरांनी स्वतः मैदानावर पाणी मारलेलं, फक्कीनं पाट्या ओढलेल्या, लाल मातीवर ती पांढरी फक्की सुरुवातीला इतकी कोरी दिसते की पाय ठेवायला जीव होत नाही. सेमीफायनल. पंच कमी पडले म्हणून दुसऱ्या शाळेच्या सरांना उभं केलं, ते सर म्हणजे अण्णा. आमच्या मॅचला नको म्हणून त्यांनी आधी नकार दिला होता, हे मला आईनं नंतर सांगितलं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी, आणि माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं. शेवटचं अर्धं मिनिट, एक गडी मिळाला असता तर बरोबरी होऊन जादा डाव झाला असता. मी पाटीवर बसलेलो, बोटं मातीत रोवलेली, मागून आमचा कॅप्टन धावत येतोय हे पाठीला कळत होतं. त्याचा तळवा माझ्या पाठीवर पडला, घामानं ओला, गरम. मी सुटलो. चार पावलांत त्यांचा गडी गाठला, खांबाजवळ सूर मारला, हात त्याच्या पोटरीला लागला, तोंडात माती गेली, आणि त्या मातीच्या चवीबरोबर शिट्टी ऐकू आली. तुटक तुटक. फाऊलची.

हात लागला म्हणजे खो मिळाला असं नाही. खो हा शब्द म्हणायला लागतो, मोठ्यानं, स्पष्ट, पंचाला ऐकू जाईल असा, आणि तो मिळाल्याशिवाय बसलेल्यानं उठायचं नाही. हे आम्हाला माहीत होतं, सगळ्यांनाच असतं. पण नुसता आवाज आला नाही म्हणून गडी नाबाद, असं कोणी शेवटच्या अर्ध्या मिनिटात देतं हे आम्ही कधी बघितलं नव्हतं. पब्लिक ओरडत होतं, हात लागलाय, हात लागलाय. कॅप्टन छातीवर हात मारून सांगत होता मी म्हटलं, मी म्हटलं. त्याचा घसा बसलेला होता, ते सांगतानासुद्धा त्याचा आवाज फुटत नव्हता. अण्णा एक शब्द बोलले नाहीत, फक्त हातानं दिशा दाखवली. वेळ संपली. आम्ही हरलो. संध्याकाळी घरी मी जेवलो नाही. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं, मग दहावी आली, मग हॉस्टेल, मग हा देश, आणि ती गोष्ट घरात कोणी पुन्हा काढली नाही. मला आजही तो तळवा पाठीवर आठवतो, त्याची पाचही बोटं आठवतात. शब्द आठवत नाही. म्हणजे त्यानं म्हटला नव्हता, का माझ्यात त्या क्षणी ऐकायला जागा नव्हती, हे मला एकतीस वर्षांत ठरवता आलेलं नाही.

तो चेहरा मी तिथं बघितला होता. मैदान रिकामं झाल्यावर अण्णा एकटेच खांबाजवळ उभे राहून शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते, तेव्हाचा.

एप्रिलमध्ये आई-अण्णा परत गेले. दर रविवारी मी फोन करतो, त्यांची संध्याकाळ, माझी सकाळ. बरेच रविवार तोंडापर्यंत येऊन मागं गेलं. मग जूनमध्ये एकदा आई देवळात गेली होती, अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, पाऊस नुकताच उघडलेला, मागं बेडकांचा आवाज. मी म्हटलं, अण्णा, त्या दिवशी ईगल्सच्या मॅचला तुम्ही म्हणाला होता, आधी सांगितलं ना, मग झालं. ते तुम्ही त्या पंचाबद्दल म्हणाला होता का.

थोडा वेळ नुसते बेडूक.

"तुमच्या त्या कॅप्टनला मी दोनदा सांगितलं होतं," अण्णा म्हणाले. "पहिल्या डावात एकदा, आणि मधे पाणी प्यायला थांबलात तेव्हा एकदा. जवळ जाऊन. म्हटलं बाळा, तुझा खो मला ऐकू येत नाही, मोठ्यानं म्हण, नाहीतर मला द्यावं लागेल. तो हो म्हणाला."

कॅप्टननं आम्हाला सांगितलं नव्हतं. तेव्हाही नाही, नंतरही नाही, आणि माझं त्याच्याशी अजून बोलणं आहे, दिवाळीला फोन असतो. मला त्याचा राग आला का? आला, क्षणभर. मग त्याचा तो फुटका आवाज आठवला, मी म्हटलं मी म्हटलं, आणि वाटलं चौदा-पंधरा वर्षांच्या पोरानं कोणाला सांगायचं की मला दोनदा बजावलं होतं आणि माझ्या घशातून आवाजच निघत नव्हता. राग मग अण्णांकडे वळला. इतकी वर्षं. एक वाक्य बोलला असतात तर. मी म्हटलंच तसं, म्हटलं अण्णा, हे मला तेव्हा घरी का नाही सांगितलंत.

"त्याला सांगायचं ते त्याला सांगितलं होतं. मैदानावरचं बोलणं पंचानं घरी आणायचं नसतं." आणि मग जरा थांबून, "मलापण जेवण गेलं नव्हतं त्या दिवशी. तुझी आई ओरडली होती दोघांवर."

मला काय बोलावं सुचेना. इकडं खिडकीबाहेर शेजारी लॉनला पाणी घालत होता, मी त्याच्याकडे बघत राहिलो. बरं वाटत होतं आणि घशाशीही आलं होतं, दोन्ही एकदम. शेवटी अण्णांनीच विषय बदलला, विचारलं, त्या सूर मारणाऱ्या पोराचं पुढं काय झालं, त्याला काढलं का. मी म्हटलं नाही, खेळतोय तो, चांगला खेळतो. "बरं झालं," म्हणाले, "त्याला तिसऱ्यांदा करू दिलं नाही ते बरं झालं."

तेव्हापासून आमचा एक उद्योग सुरू झालाय. दर रविवारी मी त्यांना त्या पुस्तकातला एक नियम सांगतो. ते वहीत लिहून घेतात, मराठीत, त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात, आई सांगते की पानावर नंबर घालून वगैरे. टॉमी लुईसची गोष्ट त्यांनी दोनदा सांगायला लावली आणि दुसऱ्यांदा ऐकून म्हणाले, तो शॉ रात्री झोपला नसेल. मागच्या रविवारी डिकरच्या किकवर आलो. झेल, हात वर, दंड, घड्याळ शून्य, सगळं सांगितलं, समोरचे दहा यार्ड लांब उभे राहतात आणि कोणी धावून येत नाही हेही सांगितलं. त्यांनी विचारलं, दहा यार्ड म्हणजे किती पावलं. मी म्हटलं तीस फूट. अण्णांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं, टेप नसला की सगळी मैदानं त्यांनी त्याच मापानं आखलेली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, फोन हातातच होता त्यांच्या, मग चपला ओल्या फरशीवर, एक, दोन, तीन, मधेच तुळशी वृंदावनाला वळसा घातला असावा कारण पाच म्हणायला जरा उशीर झाला, आणि मग पुढं, एकसारखं, गेटच्या दिशेनं. नऊ. दहा. अकरा. गेटची कडी वाजली. बारा, म्हणाले, आता सांग, मी इथं उभा आहे, बॉल कुठं ठेवलाय.